पहिला मान कोणाचा?

लग्नघरी पक्वान्नांपेक्षा मानपानाचीच चर्चा अधिक होते, असे जुनी माणसे हसून सांगतात. पहिला विडा कोणाच्या हाती द्यावयाचा, पहिले पान कोणाचे मांडावयाचे, याचा निर्णय यजमानाने वेळीच व उघडपणे केला नाही, तर कोणी ना कोणी रुसून बसल्यावाचून राहत नाही. संगणकासारख्या निर्जीव आणि हिशेबी यंत्रापुढे असा प्रश्न उभा राहण्याचे काही कारण नाही, असे कोणासही वाटेल. परंतु एकाच संगणकात दोन कार्यप्रणाली नांदू लागल्या की तेथेही हाच प्रश्न उद्भवतो, आणि तो बहुधा घरधन्यास न विचारताच सोडविला जातो. या न विचारण्याविषयी आम्हांस येथे आमचे मत मांडावयाचे आहे.

विषय आजच निघण्यास कारण आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या प्रणालीचे नेहमीचे विनामूल्य साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या मागून २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नावाच्या सुरक्षा-सुविधेची व ठरावीक नव्या प्रोसेसरांची अपेक्षा धरते. त्यामुळे शाळांतील व मध्यमवर्गीय घरांतील कितीतरी धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. ज्यांस नवा संगणक घेणे परवडत नाही, किंवा चालते यंत्र टाकून देणे पटत नाही, अशी मंडळी त्याच संगणकात विंडोजच्या शेजारी लिनक्सची एखादी आवृत्ती बसवितात. ही काटकसर आम्हांस स्तुत्य वाटते. मात्र इन्स्टॉल करण्याचे काम निर्विघ्न पार पडले, तरी खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो. नेहमीप्रमाणे बटण दाबावे तो पडद्यावर भलतेच दृश्य दिसते. ओळखीचे चित्र नाही, ओळखीच्या फायली नाहीत, आणि घरातील वडील माणूस विचारते, “अरे, आपले सारे गेले कोठे?”

वस्तुतः काहीच गेलेले नसते. परंतु हे समजण्यासाठी संगणक जागा कसा होतो, हे थोडे पाहिले पाहिजे. ‘बूट होणे’ हा शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. तो मूळ ‘बूटस्ट्रॅप’ या इंग्रजी शब्दावरून आलेला आहे. आपल्याच बुटाच्या मागील पट्टीस धरून स्वतःस वर उचलावे, तसा हा अशक्यप्राय प्रकार आहे. संगणकात प्रोग्राम चालू करण्यास आधी एक प्रोग्राम चालू असावा लागतो. मग पहिला कोण चालू करणार? त्यावर उपाय असा की, यंत्रातच कायमचा कोरलेला एक लहानसा प्रोग्राम आधी जागा होतो, तो डिस्कवरील दुसऱ्यास उठवितो, आणि तो दुसरा सबंध प्रणालीस उठवितो.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये या पहिल्या पहारेकऱ्याचे नाव बायोस असे होते. पुढे हार्ड डिस्क आल्यावर बायोस तिचा पहिला तुकडा तेवढा वाचीत असे. हा तुकडा अवघा ५१२ बाइटांचा; आणि त्यातही पहिल्या प्रोग्रामास मिळणारी जागा ४४६ बाइटांची. या एवढ्याशा उंबरठ्यावर एकाच द्वारपाळाला उभे राहता येई. त्यामुळे जी प्रणाली शेवटी बसविली जाई, ती आधीच्या द्वारपाळास हटवून आपला माणूस तेथे उभा करी. अलीकडच्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे. तीत डिस्कचा एक स्वतंत्र लहान विभाग राखून ठेवलेला असतो, आणि प्रत्येक प्रणालीचा द्वारपाळ आपापल्या कप्प्यात तेथे सुखाने राहतो. कोणास आधी उठवावयाचे याची यादी यंत्राच्या स्मृतीत लिहिलेली असते. म्हणजे जागेचा तंटा मिटला. पण यादीत पहिले नाव कोणाचे, हा तंटा राहिलाच.

आणि येथे बहुतेक प्रणालींची रीत एकसारखी दिसते. जी नवी येते, ती यादीत आपले नाव पहिले लिहिते. लिनक्स बसविले की ग्रब नावाचा त्याचा द्वारपाळ पुढे येतो व एक मेनू दाखवितो. त्या मेनूत पहिली ओळ लिनक्सची असते, विंडोजची ओळ बरीच खाली असते. आणि पाच किंवा दहा सेकंदांत कोणी काही निवडले नाही, तर पहिलीच ओळ निवडली असे गृहीत धरले जाते. चहाचा पेला आणण्यास उठलेल्या मनुष्यास तो मेनू दिसतही नाही. उलट लिनक्स आधी असून विंडोज मागाहून बसविली, तर विंडोजचा द्वारपाळ पहिला होतो, आणि तो लिनक्सचे नावही उच्चारीत नाही. लिनक्सचे सारे सामान आपल्या जागी शाबूत असते. फक्त त्याचे दार ठोठावले जात नाही.

या गोंधळात भर घालणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत, आणि त्या प्रत्येकीमागे काही सबळ कारण आहे, हे आम्ही मान्य करतो. ग्रब पूर्वी डिस्कवरील इतर प्रणालींचा शोध आपण होऊन घेत असे. २०२१ साली आलेल्या त्याच्या २.०६ या आवृत्तीपासून सुरक्षिततेसाठी हा शोध मुळातच बंद ठेवण्यात आला. ज्यास हवा त्याने तो चालू करावा. हेतू चांगला, पण ज्या ठिकाणी पुढे कोणी तो चालू केला नाही, तेथे विंडोजची ओळ मेनूतून नाहीशी झाली. तसेच २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘बंद करा’ असे सांगितले असता संगणक पुरता बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून प्रणालीचा गाभा झोपलेल्या स्थितीत डिस्कवर ठेवला जातो. खरा स्वच्छ आरंभ ‘पुन्हा सुरू करा’ या आज्ञेनेच होतो. शब्दांचा अर्थ असा उलटल्यावर, झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर लिहिण्यास लिनक्स नकार देते, आणि मुलांस वाटते की डिस्कच बिघडली.

घड्याळाची गंमत तर आपल्या देशात विशेष जाणवते. यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ लिहिलेली आहे असे विंडोज मानते. लिनक्स बहुधा तीत जागतिक प्रमाणवेळ लिहिते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. म्हणून लिनक्सवर काम करून पुन्हा विंडोजमध्ये यावे, तो शाळेची घंटा सकाळी दहाला होते आणि पडद्यावर पहाटेचे साडेचार वाजलेले असतात! दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. दोघांनी एकच घड्याळ दोन समजुतींनी वाचले, इतकेच.

कोणी म्हणेल, हे सारे किरकोळ आहे. चार बटणे दाबली की निस्तरते. ज्यास ती चार बटणे ठाऊक आहेत, त्याच्या दृष्टीने ते किरकोळच. पण आमच्या परिचयाच्या एका घरी काय झाले ते ऐकावे. पणजीबाईंच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या नातसुनेने दोन उन्हाळे खपून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. दुसरी प्रणाली बसविल्यावर संगणक नव्याच रूपात उघडू लागला. घाबरून त्यांनी दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविले. त्याने यादीकडे पाहिले नाही, मेनूकडे पाहिले नाही. “सिस्टिम उडाली आहे” असे सांगून सबंध डिस्क फॉरमॅट केली आणि एकच प्रणाली पुन्हा बसवून दिली. संगणक पूर्वीसारखा उघडू लागला. ओव्या मात्र गेल्या, आणि त्या म्हणणाऱ्या बाई तर त्याच्या आधीच्या वर्षीच निवर्तल्या होत्या. बिघाड होता यादीतील एका नावाच्या क्रमाचा, आणि उपाय झाला साऱ्या घराची झडती घेऊन ते जमीनदोस्त करण्याचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तो हाच प्रकार. त्या दुरुस्ती करणाऱ्या मनुष्याची बाजू घेण्याचा आमचा विचार नाही. पण त्याच्याही आधी, प्रणाली बसविताना पडद्यावर “उद्यापासून ही प्रणाली आधी उघडेल, जुनी अमुक ठिकाणी आहे” एवढे एक वाक्य ठळकपणे आले असते, तर त्यास बोलाविण्याची पाळीच आली नसती.

यावर जाणकारांचा एक आक्षेप आहे, आणि तो विचार करण्यासारखा आहे. ते म्हणतात, “यंत्राने काहीतरी गृहीत धरलेच पाहिजे. प्रत्येक वेळी थांबून विचारीत बसले, तर रात्री वीज जाऊन आलेला संगणक सकाळपर्यंत प्रश्नच विचारीत उभा राहील. शिवाय ज्याने नवी प्रणाली हौसेने बसविली, त्यास तीच आधी हवी असणार, हा तर्क स्वाभाविक नाही काय?” हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. गृहीत निवड, जिला सारे ‘डिफॉल्ट’ म्हणतात, ती टाळता येत नाही हे आम्हांसही मान्य आहे. परंतु निवड करणे वेगळे आणि केलेली निवड न सांगणे वेगळे. प्रचलित इन्स्टॉलर डिस्कचे किती भाग करावयाचे ते विचारतात, गाव कोणते ते विचारतात, नाव आणि परवलीचा शब्द विचारतात. मग ज्या एका गोष्टीने रोजची सकाळ बदलणार, ती विचारण्यास किंवा निदान सांगण्यास त्यांची जीभ का अडखळते? आणि नवे हवे म्हणून जुने दुय्यम व्हावे, हा तर्कही सर्वत्र लागू पडत नाही. पुष्कळ घरांत नवी प्रणाली केवळ पाहण्यासाठी घेतलेली असते. नवी सून घरात आली म्हणून सासूबाईंचे नाव शिधापत्रिकेवरून कोणी खोडीत नाही.

पहिल्या मानाची ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही, याची साक्ष इतिहासही देतो. १९९० साली स्थापन झालेल्या ‘बी’ नावाच्या कंपनीने बीओएस ही एक चपळ प्रणाली तयार केली. १९९८-९९ च्या सुमारास जपानच्या हिताची कंपनीने विंडोज व बीओएस दोन्ही आत घातलेले संगणक विकावयास काढले. पण संगणक चालू केला असता बीओएसचे नाव मेनूत दिसत नसे; तिला उघड करण्यासाठी ग्राहकास वेगळ्या सूचना वाचून खटपट करावी लागे. घर बांधले, दार बसविले, पण दारापर्यंत वाटच ठेवली नाही! मायक्रोसॉफ्टच्या परवान्यांच्या अटींमुळे असे झाले, असा आरोप करून ‘बी’ने २००२ साली दावा लावला. मायक्रोसॉफ्टने दोष मान्य केला नाही. परंतु २००३ साली २ कोटी ३२ लक्ष ५० हजार डॉलर देऊन तंटा मिटविला. तोवर ‘बी’ कंपनीचा कारभार आटोपलेला होता.

दुसरे उदाहरण युरोपातील. इंटरनेट पाहण्यासाठी कोणता ब्राउझर वापरावयाचा, हे ग्राहकास एका पडद्यावर विचारावे, असे २००९ साली युरोपीय आयोगापुढे ठरले व २०१० पासून ते अमलातही आले. पुढे मे २०११ ते जुलै २०१२ या काळात विंडोज ७ च्या एका आवृत्तीत तो विचारणारा पडदा दिसेनासा झाला. त्याबद्दल २०१३ साली आयोगाने मायक्रोसॉफ्टला ५६ कोटी १० लक्ष युरोंचा दंड केला. एक प्रश्न न विचारल्याचा हा दंड आहे, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आणि दोन प्रणाली सुखाने नांदत आहेत, हे खुद्द निर्मात्यांसही नेहमी ओळखता येते असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजची एक सुरक्षा-सुधारणा आली. जेथे शेजारी लिनक्स आहे तेथे ती लागू होऊ नये, अशी योजना होती. तथापि काही संगणकांत ही दुहेरी वस्ती तिला ओळखता आली नाही, आणि तेथील लिनक्स उघडेनासे झाले. एकाच घरात दोघे राहतात, ही गोष्ट अजूनही अपवाद म्हणूनच गणली जाते, असा याचा अर्थ.

आम्हां बडोदेकर मराठी मुलांस मात्र दोघांचे एकत्र नांदणे अपवाद वाटत नाही. घरात मराठी, मांडवीच्या बाजारात गुजराती, पुस्तकांत हिंदी-इंग्रजी, असा आमचा नित्याचा व्यवहार आहे. भाजीवाल्याशी गुजरातीत बोललो म्हणून आमची मराठी ‘उडाली’ असे कोणी म्हणत नाही. कोठे कोणती भाषा आधी ओठांवर यावी, हे आम्ही जाणतेपणाने ठरवितो. आणि म्हणूनच गृहीत निवडीचे बळ काय असते, तेही आम्हांस ठाऊक आहे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. आज विंडोज असो वा लिनक्स, मराठी लिहिण्याची सोय दोहोंत आहे. पण ती यादीत कोठेतरी खाली असते. आपण होऊन निवडली नाही, तर कळफलक इंग्रजीच राहतो. परिणामी मराठी उत्तम जाणणारी मुलेही आजीला पत्र लिहितात ते रोमन अक्षरांत. त्यांस मराठी नको असते असे नाही. त्यांस कोणी विचारलेलेच नसते. जे न विचारता मिळते, तेच हळूहळू आपली आवड आहे असे वाटू लागते. आमच्या मते हा तोटा चुकून उघडलेल्या प्रणालीपेक्षा फार मोठा आहे, कारण तो एका सकाळी लक्षात येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे तीन ठिकाणी आहे. प्रणाली बनविणाऱ्यांस आमची विनंती अशी की, पहिला मान कोणास द्यावयाचा ते त्यांनी बसविण्याच्या वेळीच विचारावे. विचारावयाचे नसेल, तर निदान जे ठरविले ते सोप्या भाषेत सांगावे. शाळांतील संगणक-शिक्षणाकडे आमची अपेक्षा अशी की, शब्दलेखन व तक्ते शिकविताना संगणक जागा कसा होतो याचाही एक तास असावा. नकाशा वाचण्यास शिकविल्याशिवाय आपण मुलांस सहलीस नेत नाही. मग येथेच का न्यावे?

आणि आमच्या विद्यार्थी-बंधुभगिनींस सांगणे असे की, भलते दृश्य दिसताच हाय खाऊ नये. बहुतेक संगणकांत चालू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबली असता कोणकोणत्या प्रणाली आत आहेत याची यादी दिसते. कळ कोणती ते यंत्राच्या कंपनीवर अवलंबून असते. त्या यादीत हरवलेले नाव सापडले, तर काहीही गेलेले नाही असे समजण्यास हरकत नाही. मग क्रम आपल्या सोयीने बदलावा. ग्रबमध्ये गृहीत निवड ठरविताना ओळीच्या क्रमांकापेक्षा नावाने सांगणे बरे. कारण तेथील मोजणी एकापासून नव्हे, शून्यापासून होते, आणि सुधारणांमुळे ओळी वरखाली झाल्या की क्रमांक चुकतो. मागील वेळी जी निवडली तीच पुन्हा उघडावी, अशी सोयही त्यात आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, डिस्क पुसण्याची आज्ञा ही शेवटची आज्ञा समजावी. जपण्यासारख्या वस्तूंची दुसरी प्रत अन्यत्र ठेवल्यावाचून ती कोणासही देऊ देऊ नये, मग तो दुरुस्ती करणारा कितीही घाईत असो.

येत्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळजण घरच्या जुन्या संगणकाला दुसरे आयुष्य देण्याचा उद्योग करतील. त्यांनी काम संपल्यावर एका कागदावर तीन ओळी स्वच्छ अक्षरांत लिहून तो कागद यंत्रावर चिकटवावा: आत कोणत्या दोन प्रणाली आहेत, आधी कोणती उघडते, आणि दुसरी हवी असल्यास कोणती कळ दाबावी. प्रणाली बनविणारे जे सांगण्यास विसरतात, ते आपण आपल्या आईवडिलांस व आजीआजोबांस सांगू शकतो. आणि तेही मराठीत.